लॅबमध्ये चालते, लॅपटॉपवर मोडते: लायब्ररी कोणत्या कंपायलरवर तपासायची?

प्रश्न दर वेळी वेगळ्या शब्दांत येतो, पण गाठ तीच असते. मुक्तस्रोत लायब्ररी गिटहबवरून उतरवली, दिलेल्या सूचनांप्रमाणे बिल्ड केली, कॉलेजच्या लॅबमध्ये ती विनातक्रार तयार झाली. तोच कोड घरी नव्या उबुंटूवर नेला तर पडदाभर एरर. कधी नेमके उलटे होते. लॅपटॉपवर नीट चालणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये नेला तर तो सुरूच होत नाही. मग कोणी म्हणते लायब्ररीच बिघडलेली आहे, कोणी म्हणते लॅबची मशिने जुनाट आहेत, आणि बरेच जण वैतागून उबुंटू पुसून नव्याने टाकतात. या तिन्हींपैकी एकही निदान सहसा बरोबर नसते.

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या पट्ट्यातल्या वाचकांना हा त्रास अंमळ जास्त होतो, कारण एकाच विद्यार्थ्याच्या हातून तीन पिढ्यांचे कंपायलर जातात. देशभरातल्या कितीतरी क्लासेसमध्ये आजही टर्बो सी प्लस प्लस शिकवतात; त्याच्या पुढे डेव्ह सी प्लस प्लस किंवा कोडब्लॉक्स; आणि प्रोजेक्टची वेळ आली की उबुंटू. शिवाय इथला मजकूर दोन लिप्यांचा. घरी मराठी, शाळेत आणि सरकारी कागदावर कन्नड. त्यामुळे इथे कोणी लायब्ररी लिहायला घेतली तर ती बऱ्याचदा लिप्यंतराची, फॉन्टची, शब्दशोधाची असते, आणि अशाच कोडमध्ये कंपायलर बदलला की चुका निघतात.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: ‘लायब्ररी चालते’ हे विधान अर्धवट आहे. ती कोणत्या कंपायलरच्या कोणत्या व्हर्जनवर, कोणत्या स्टँडर्डखाली, कोणत्या सिस्टीमवर चालते हे सांगितल्याशिवाय त्या विधानाची खातरजमाच करता येत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी नोंद करा, आणि चाचण्या लिहिण्याआधी आपण कोणाला काय कबूल करतो आहोत ते ठरवा.

एरर वाचण्याआधी हे लिहून काढा

- कंपायलरचे नाव आणि पूर्ण व्हर्जन. ‘जीसीसी’ एवढे पुरत नाही. टर्मिनलवर व्हर्जन विचारून जे उत्तर येते तेच लिहा.
- भाषेचे स्टँडर्ड. बिल्डच्या फायलीत ते स्पष्ट दिले आहे की कंपायलरच्या मर्जीवर सोडले आहे?
- सिस्टीम आणि प्रोसेसर. उबुंटू असेल तर कोणते, विंडोज असेल तर मिनजीडब्ल्यू की व्हिज्युअल स्टुडिओ.
- ऑप्टिमायझेशन आणि वॉर्निंगचे स्विच.

दुसऱ्या मुद्द्यावर सर्वात जास्त गाडी अडते. तुम्ही स्टँडर्ड सांगितले नाही तर कंपायलर स्वतःचे वापरतो, आणि ते व्हर्जनगणिक बदलत आले आहे. सी प्लस प्लससाठी जीसीसी ५ पर्यंत मूळ निवड १९९८च्या स्टँडर्डची होती. जीसीसी ६ पासून ती १४ची झाली आणि २०२१च्या जीसीसी ११ पासून १७ची. आता हे मशिनांवर बसवून पाहा. डेव्ह सी प्लस प्लस ५.११ सोबत जीसीसी ४.९.२ येतो. कोडब्लॉक्स २०.०३ सोबत ८.१. उबुंटू २२.०४ मध्ये ११, आणि २४.०४ मध्ये १३. एकही ओळ न बदलता तुमचा कोड या मशिनांवर तीन वेगवेगळ्या भाषांचा म्हणून वाचला जातो. फंक्शनच्या नावापुढे ‘थ्रो’ लिहून अपवादांची यादी देण्याची जुनी पद्धत १७मध्ये काढून टाकली आहे. त्यामुळे अशी ओळ असलेला कोड कोडब्लॉक्सवर चालतो आणि उबुंटूवर अडतो. इथे लायब्ररी बिघडलेली नाही आणि उबुंटूही नाही. कोणते स्टँडर्ड हवे ते कोणी सांगितलेच नव्हते.

नवा कंपायलर जुना कोड का नाकारतो

काल चालणारा कोड आज चालू नये हा कंपायलर बनवणाऱ्यांचा उद्दामपणा आहे, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मोठे बदल समोर ठेवले की ती फारशी टिकत नाही. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन सी-फायलींत जाहीर केलेले असेल तर ते गुपचूप एकत्र करणे थांबवले. लिंकर ‘एकाहून अधिक व्याख्या’ म्हणून अडतो. एप्रिल २०२३ च्या जीसीसी १३ मध्ये स्टँडर्ड लायब्ररीच्या काही हेडरांनी आतून दुसरी हेडरे ओढणे सोडले, आणि ठराविक बिटांचे पूर्णांक वापरूनही ‘सीएसटीडीइंट’ हे हेडर न घेतलेले असंख्य प्रकल्प अडकले. मे २०२४ चा जीसीसी १४ सी भाषेत जाहीर न केलेल्या फंक्शनला हाक मारली तर वॉर्निंगवर थांबत नाही, थेट एरर देतो. क्लँगने हेच वर्षभर आधी, १६व्या व्हर्जनमध्ये केले होते. आणि एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ ने सी भाषेची मूळ निवड सी२३ केली. त्यात रिकाम्या कंसाचा अर्थ ‘काहीही द्या’ असा न राहता ‘काहीच देऊ नका’ असा झाला.

चारांपैकी पहिल्या तिन्ही बदलांत कोडच मुळात चुकीचा होता. कंपायलर इतकी वर्षे तिकडे दुर्लक्ष करत होता. जाहीर न केलेल्या फंक्शनचे उदाहरण घ्या. ते पॉइंटर परत करत असेल आणि कंपायलरने त्याला पूर्णांक समजले, तर ६४ बिटांच्या मशिनवर पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो. प्रोग्रॅम कधी चालतो, कधी कोसळतो. नव्या कंपायलरने आज दाखवलेली ही चूक उद्या वापरणाऱ्याच्या मशिनवर सापडली असती. चौथा बदल मात्र खरोखर भाषेचा आहे, आणि तिथे तक्रारीला जागा आहे. पण उपायही सोपा आहे. बिल्डमध्ये सी१७ असे स्पष्ट लिहा आणि सवडीने कोड सुधारा.

‘मग आम्ही जुन्याच कंपायलरवर राहतो’ असे कोणी म्हणेल. स्वतःच्या मशिनवर राहता येईल, पण लायब्ररी तुमच्या मशिनपुरती नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चा मूळ कंपायलर जीसीसी १४ आहे. तुमची लायब्ररी कोणी डेबियनमध्ये घ्यायची म्हटली तर ती १४वर तयार व्हावीच लागेल. जुनी वागणूक परत आणणारे स्विच मिळतात, आणि निदानासाठी ते उत्तम आहेत: जीसीसी १५ वर सी१७चा स्विच लावून एरर गेला तर कारण सी२३ आहे हे दोन मिनिटांत कळते. ते कायमचे बिल्डच्या फायलीत टाकू नका. जीसीसीच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनसोबत जुना कोड नव्यावर नेताना काय मोडेल याची मार्गदर्शिका प्रसिद्ध होते. शोधाशोध करण्याआधी ती वाचा. बहुतेक एरर तिथे उदाहरणासह सापडतात.

किती व्हर्जन तपासायची?

सगळी, हे उत्तर मनाला पटते पण व्यवहारात बसत नाही. जीसीसीचे दरवर्षी एक मोठे व्हर्जन येते, क्लँगची साधारण दोन. त्यात डिबग आणि रिलीज, विंडोज आणि लिनक्स असे फाटे फुटले की डझनभर बिल्ड होतात, त्यांतले काही नेहमी लाल दिसतात, आणि नेहमी लाल दिसणाऱ्या खुणेकडे लवकरच कोणी पाहीनासे होते. दोन्ही टोके धरली की मधली व्हर्जन सहसा आपोआप सांभाळली जातात. एकट्या प्रकल्पाला एवढे पुरे:

- तुम्ही कबूल केलेले सर्वात जुने व्हर्जन
- आज उपलब्ध असलेले सर्वात नवे
- दुसऱ्या घराण्याचा एक कंपायलर. जीसीसी वापरत असाल तर क्लँग
- विंडोजवर वापरणारे असतील तर तिथला एक

सर्वात जुने कोणते, हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण खरे पाहता तो माणसांचा आहे: लायब्ररी वापरणार कोण? मोठ्या लायब्रऱ्याही हा निर्णय उघड घेतात. युनिकोडची आयसीयू ही लायब्ररी अनेक भाषांसोबत मराठी आणि कन्नडचेही वर्णक्रम, तारखा, अंक सांभाळते. तिने २०१७ मध्ये ५९व्या आवृत्तीत सी प्लस प्लस ११ सक्तीचे केले आणि एप्रिल २०२४ मध्ये ७५व्या आवृत्तीत १७. दोन्ही वेळा हे आवृत्तीसोबतच्या टिपणात लिहिले होते. हार्फबझने वेगळा मार्ग धरला. देवनागरीतली जोडाक्षरे आणि कन्नडमधले ओत्तक्षर जागच्या जागी बसवणारी ही लायब्ररी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांच्या पोटात आहे. म्हणून तिने आतला कोड अनेक वर्षे सी प्लस प्लस ११च्या मर्यादेत ठेवला आणि बाहेरच्यांना दिसणारी फंक्शने साध्या सी भाषेतली दिली. सी प्लस प्लसच्या वर्गांची अंतर्गत रचना कंपायलरगणिक बदलू शकते, सीच्या फंक्शनची हाक बरीच स्थिर असते. लायब्ररी इतर भाषांतून किंवा इतर कंपायलरांवरून वापरली जाणार असेल तर हा मार्ग उचलण्यासारखा आहे.

आता आपल्याकडचे. तुमचे वापरकर्ते उबुंटू २२.०४ आणि २४.०४ वर असतील तर जीसीसी ११ हे जुने टोक धरा आणि सी प्लस प्लस १७ निश्चिंतपणे वापरा. डेव्ह सी प्लस प्लसवरच्या विद्यार्थ्यांनीही ती वापरावी असे वाटत असेल तर ४.९.२ला १७ येत नाही. तुम्हाला ११वर थांबावे लागेल. दोन्ही निर्णय रास्त आहेत, फक्त घेतलेला निर्णय रीडमीच्या फायलीत लिहा. टर्बो सी प्लस प्लसला मात्र आधार देऊ नका. तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे, सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच १९९८चे. त्यात नेमस्पेस नाहीत आणि पूर्णांक १६ बिटांचा असतो, म्हणजे ३२,७६७च्या पुढे मोजणी कोसळते. ‘पण प्रॅक्टिकलला तोच असतो’ हे कारण परीक्षेपुरते खरे आहे. प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम तिथे लिहा. लायब्ररी त्यासाठी वाकवू नका.

देवनागरी आणि कन्नड मजकुरातल्या चुका

इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण आपल्या भागातल्या लायब्रऱ्यांचे निम्मे दुखणे इथेच असते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे आणि कन्नडचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘भालकी’ या शब्दात पाच चिन्हे आहेत, भ, काना, ल, क, दीर्घ वेलांटी. म्हणजे पंधरा बाइट. ‘क’चे तीन बाइट २२४, १६४ आणि १४९. आता नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी मशिनवर ‘चार’ हा प्रकार चिन्हासहित असतो, म्हणून तेच आकडे उणे ३२, उणे ९२ आणि उणे १०७ असे वाचले जातात. ‘बाइट १२७ पेक्षा मोठा असेल तर अक्षर इंग्रजी नाही’ अशी तपासणी लिहिली असेल तर ती कधीच खरी ठरत नाही आणि सगळी मराठी इंग्रजी समजली जाते. तोच कोड रास्पबेरी पायवर नेला तर बरोबर चालतो, कारण एआरएमवरच्या लिनक्समध्ये ‘चार’ चिन्हाविना असतो. (ॲपलच्या एआरएम मशिनांवर मात्र तो चिन्हासहित आहे, त्यामुळे ‘एआरएमवर तपासले’ एवढेही पुरेसे नाही.) अक्षर आहे की आकडा हे विचारणाऱ्या सी भाषेच्या तयार फंक्शनांना असा उणे आकडा देणे तर नियमबाह्यच आहे, लिनक्सवर ते बहुधा निभावते, व्हिज्युअल स्टुडिओच्या डिबग बिल्डमध्ये प्रोग्रॅम तिथेच थांबतो. उपाय एका ओळीचा: बाइट हाताळताना चिन्हविरहित ‘चार’ वापरा. तपासायला दुसरे मशिन लागत नाही. जीसीसी आणि क्लँग दोन्हींत ‘चार’ चिन्हासहित किंवा चिन्हविरहित मानण्याचे स्विच आहेत. दोन्ही स्विच लावून चाचण्या दोनदा चालवा. निकाल वेगळे आले की चूक सापडलीच. वॉर्निंगचा ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ स्विच लावला असता तर ही तुलना कायम खोटी आहे हे जीसीसीने आधीच सांगितले असते.

दुसरी अडचण सोर्स फायलीतल्या मराठी मजकुराची. जीसीसी आणि क्लँग सोर्स यूटीएफ-८ आहे असे धरून चालतात. व्हिज्युअल स्टुडिओ तसे धरत नाही. फायलीत तशी खूण नसेल तर तो विंडोजचा स्थानिक कोडपेज लावतो आणि तुमच्या चाचणीतला ‘बसवकल्याण’ भलत्याच बाइटांत बदलतो. त्याला यूटीएफ-८ चा स्विच वेगळा द्यावा लागतो. तो स्विच तुमच्या बिल्डच्या फायलीत असू द्या, वापरणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नका. तिसरी अडचण नव्या स्टँडर्डची: मजकुरापुढे ‘यू८’ लावून लिहिलेली स्ट्रिंग सी प्लस प्लस १७ पर्यंत साध्या ‘चार’ची असते, २०मध्ये तिचा प्रकारच बदलतो आणि साध्या पॉइंटरला ती देता येत नाही. लायब्ररी अजून १७वर असली तरी वापरणारा तुमचे हेडर २०मध्ये घेऊ शकतो, म्हणून हेडरे तरी २०खाली एकदा कंपाईल करून बघा.

आता एक चूक अशी जी जगातला कोणताही कंपायलर पकडणार नाही. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे तक्ते इस्कीच्या मांडणीवर बेतलेले आहेत, त्यामुळे देवनागरी ‘क’ २३२५वर आणि कन्नड ‘क’ ३२२१वर, फरक ८९६. बहुतेक अक्षरांना हाच फरक लागू पडतो, आणि लिप्यंतराची लायब्ररी लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी सरसकट ८९६ मिळवतो. मग दंड, म्हणजे पूर्णविरामाची उभी रेघ, जो २४०४वर आहे आणि सर्व लिप्यांना सामाईक आहे, तो ३३००वर जातो, जिथे कन्नडमध्ये काहीच नाही. ‘दऱ्या’मधला ऱ जातो जुन्या कन्नडमधल्या अशा अक्षरावर, जे आज कोणी लिहीत नाही. शिवाय हाच ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी ऱ वापरते, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, क्रमांक ८२०५. वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात, लायब्ररीला नाही. पाच कंपायलर लावून हिरव्या खुणा मिळवल्यात आणि चाचणीत ‘दऱ्या’ दोन्ही रूपांत नसेल, तर त्या खुणांचा उपयोग थोडाच. आपल्या भागातली गावे, आडनावे, दंड, अवग्रह, मराठी आणि कन्नड अंक यांची एक छोटी फाइल करा आणि प्रत्येक बिल्डवर तीच चालवा.

एकाच मशिनवर अनेक कंपायलर

उबुंटूच्या भांडारात जीसीसीची आणि क्लँगची अनेक व्हर्जन शेजारी-शेजारी बसवता येतात. त्यासाठी सिस्टीम बदलायची गरज नाही. क्रम असा ठेवा:

1. लागणारी व्हर्जन बसवा, पण सिस्टीमचा मूळ कंपायलर बदलू नका. ग्राफिक्स ड्रायव्हरसारखे कर्नल मॉड्यूल त्याच्यावर अवलंबून असतात.
2. प्रत्येक कंपायलरसाठी वेगळे बिल्ड फोल्डर करा.
3. सीसी आणि सीएक्सएक्स या व्हेरिएबलमधून कंपायलर सांगा, आणि तोही पहिल्या कॉन्फिगरच्या वेळीच.
4. बिल्ड झाल्यावर सीटेस्ट किंवा मेसनच्या टेस्ट आज्ञेने चाचण्या चालवा. नुसते कंपाईल होणे म्हणजे चाचणी नव्हे.
5. एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय, एकदा ‘ओ-२’ने. निकाल वेगळे आले तर कोडमध्ये अनिश्चित वर्तन आहे असे धरा.
6. एक बिल्ड ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर लावून करा.

तिसऱ्या पायरीवर सर्वाधिक लोक फसतात. सीमेक आणि मेसन दोघेही पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर फोल्डरमध्ये नोंदवून ठेवतात. नंतर व्हेरिएबल बदलून त्याच फोल्डरमध्ये पुन्हा कॉन्फिगर केले तर जुनाच कंपायलर वापरला जातो आणि तुम्ही समजता क्लँगवर चाचणी झाली. शंका आली तर फोल्डर उडवा आणि नव्याने सुरू करा. बिल्डच्या सुरुवातीला कंपायलरचे नाव छापले जाते, ती ओळ वाचायची सवय लावा.

‘डॉकर आहे की, मग हे सगळे कशाला?’ डॉकर जरूर वापरा. तुमच्या उबुंटूत न मिळणारा जुना डेबियन उभा करायला त्याच्यासारखे साधन नाही. पण एकेका इमेजसाठी जीबीच्या घरात डेटा लागतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो परवडत नाही, आणि विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूची अडचण लिनक्सच्या कंटेनरमध्ये दिसतच नाही.

गिटहबची मशिने

सार्वजनिक रेपोसाठी गिटहब ॲक्शन्सचे नेहमीचे रनर विनाशुल्क आहेत, लिनक्स, विंडोज, मॅक तिन्ही. घरचे इंटरनेट बेताचे असेल तर भार तिकडे टाकणेच शहाणपणाचे. मॅट्रिक्समध्ये वरची चार टोके लिहिली की प्रत्येक पुशला सगळीकडे चाचणी होते. तीन गोष्टी सांभाळा. एक बिल्ड पडला की बाकीचे रद्द करण्याची सोय मुळातच चालू असते. ती बंद करा, नाहीतर फक्त जीसीसी १३ वर मोडते की सगळीकडे, ते कळणार नाही. ‘उबुंटू-लेटेस्ट’ हे नाव वापरू नका, ते २२.०४वरून २४.०४वर सरकले तेव्हा कोणी काही न बदलता कितीतरी प्रकल्पांचे बिल्ड मोडले. नेमके व्हर्जन लिहा आणि ते स्वतः ठरवून बदला. तिसरे, वॉर्निंगला एरर मानणारा स्विच इथे लावा, पण प्रसिद्ध केलेल्या बिल्ड फायलीत कधीही ठेवू नका. पुढच्या वर्षीचा कंपायलर एखादी नवी वॉर्निंग देईल आणि तुमचा निर्दोष कोड कोणाच्या तरी मशिनवर केवळ त्यापायी अडेल.

तयार फाइल दुसऱ्या मशिनवर नेताना

लॅबमध्ये ‘ग्लिबसीचे २.३८ सापडले नाही’ असा एरर आला तर कोडमध्ये शोधू नका. ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. उबुंटू २४.०४ मध्ये ती २.३९ आहे आणि २२.०४ मध्ये २.३५. नव्यावर तयार केलेली फाइल जुन्याकडे नसलेली फंक्शने मागते; जुन्यावर तयार केलेली नव्यावर सहसा चालते. म्हणून वाटायची फाइल नेहमी सर्वात जुन्या सिस्टीमवर तयार करा. इंटरनेटवरून ग्लिबसी उतरवून लॅबच्या मशिनवर जबरदस्तीने बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. सिस्टीमची जवळपास प्रत्येक आज्ञा ग्लिबसीवरच चालते.

चूक कळवताना, आणि तुमचे हक्क

दुसऱ्याच्या लायब्ररीत अडचण आली तर आधी ती छोटी करा. वीस-तीस ओळींचा नमुना, सुरुवातीला लिहून काढलेले चार तपशील, आणि कोणत्या व्हर्जनवर चालते व कोणत्यावर नाही. कंपायलर एक्सप्लोररवर असा नमुना ब्राउझरमध्येच अनेक कंपायलरांवर टाकून पाहता येतो. लायब्ररीच्याच कुठल्या बदलानंतर मोडले हे शोधायला गिटची बायसेक्ट आज्ञा आहे. हार्फबझसारख्या लायब्ररीत अक्षर चुकीचे दिसत असेल तर स्क्रीनशॉटवर थांबू नका. फॉन्टचे नाव व आवृत्ती, मजकूर, आणि तिच्या ‘एचबी-शेप’ या साधनाने दिलेली अक्षरचित्रांची यादी जोडा. दोष फॉन्टचा की लायब्ररीचा हे त्यावरूनच ठरते. कन्नड येत असेल तर दोन्ही लिप्यांत तपासून कळवा. तिकडे बसलेल्या माणसाला ही तपासणी करणे सोपे नसते.

हक्कांबद्दलही गैरसमज आहेत. जीसीसी जीपीएलखाली आहे, म्हणून त्याने तयार केलेला तुमचा प्रोग्रॅमही जीपीएल होतो, हे खरे नाही; सोबतच्या लायब्रऱ्यांसाठी स्पष्ट सवलत दिलेली आहे. मुक्तस्रोत लायसन्स तुम्हाला कोड वापरण्याची, वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची परवानगी देते, पण हमी देत नाही. तुमच्या कंपायलरवर ती चालवून देण्यास लेखक बांधील नाहीत. तुम्ही लिहिलेला पॅच १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीच ठरतो आणि त्याचे पहिले हक्कदार साधारणपणे तुम्हीच असता. मात्र नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमधून किंवा इंटर्नशिपमधून पॅच पाठवणार असाल तर तिथले नियम आधी विचारा, कारण अनेक प्रकल्प ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ असे सही करून मागतात आणि ती सही तुमच्या नावाने होते. पॅच नाकारला गेला, किंवा महिनोन्‌महिने उत्तर आले नाही, तर फोर्क करून लॅबच्या कंपायलरवर चालणारी आवृत्ती तुम्ही वाटू शकता. मूळ लेखकांची नावे आणि लायसन्सची फाइल तशीच ठेवा, आणि जीपीएलचा कोड असेल तर बदललेला सोर्सही सोबत द्या.